डाव्या खांद्याचा उतार

प्रिय बारक्या,

सहा वर्षांनी आईचं पत्र बघून तुझ्या मनात भलतंसलतं आलं असेल. आधी एवढंच सांगते, तुझे बाबा आहेत. आता निवांत बसून वाच, आणि मध्येच फोन लावू नकोस. फोनवर मला हे धड सांगता येणार नाही, नुसती रडत बसेन.

पाच महिन्यांपूर्वी पुढच्या खोलीतल्या दुकानात कापड बेतताना त्यांच्या हातातली कात्री गळून पडली. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडाला धरून मला दाखवला. डावीकडे, कपाळाच्या मागे, बोटभर जागा. बोलणं तिथे जुळतं म्हणे, आणि रक्त न पोचल्यामुळे नेमकी तीच मेली होती. कानाच्या मागच्या अंगाला दुसरी जागा असते, समोरच्याचं बोलणं तिथे कळतं. ती शाबूत होती. म्हणजे यांना सगळं कळणार, पण बोलता येणार नाही. मी म्हटलं, डॉक्टर, लग्न झाल्यापासून आमच्याकडे असंच आहे. ते हसले बिचारे. मीही हसले, काय करणार.

एकच शब्द शिल्लक राहिला होता, नको. बाकीचे सगळे गेले, हा तेवढा चिकटून बसला. चहा देऊ का? नको. खिडकी उघडू? नको. आणि नको म्हणता म्हणता कप पुढ्यात ओढून घ्यायचे. मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही रे. तुला ठाऊक आहे, जन्मभर त्यांचं असंच, आधी नको म्हणायचं आणि मग दोन कप चहा प्यायचा. म्हटलं, माणूस लुळा पडला तरी खोड काही जात नाही.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, बारक्याला कळवू का? नको म्हणाले. माझं मनगट घट्ट धरून, तीन-तीनदा. पुढेही दर आठ-पंधरा दिवसांनी विचारत गेले, उत्तर तेच. चहाच्या नकोला मी कधी जुमानलं नाही, आणि या नकोपुढे मात्र मान तुकवली. खरं सांगू? मलाही तुझा राग होताच. सहा वर्षांपूर्वी घर सोडताना चार गिऱ्हाइकांसमोर तू त्यांना म्हणालास, तुमच्या शिवणीत आता काही राम राहिला नाही, ते मी विसरले नव्हते. त्यांचं नको माझ्या पथ्यावर पडलं.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नंबर लागायला चार महिने गेले. त्या घरी आल्या, यांना विचारलं, तुम्ही शिंपी ना? नको. तुम्ही घोडा आहात का? नको. मग त्यांनी पुढ्यात दोन कागद ठेवले, एकावर बरोबरची खूण, एकावर फुली, आणि बोटाने दाखवा म्हणाल्या. शिंप्याला बरोबरवर बोट, घोड्याला फुलीवर, आणि वर बाईंकडे असं बघितलं की वेड लागलंय का तुम्हाला. बाई मला म्हणाल्या, आई, या नकोला अर्थ नाही, तोंड उघडलं की तेवढंच बाहेर पडतं. तिथल्या तिथे विचारलं, बारक्याला बोलावू? नको, नको म्हणत त्यांनी बरोबरच्या खुणेवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही.

मग पाय ओढत मला बेतायच्या टेबलाकडे घेऊन गेले. डाव्या हाताने तिथे रोज खडूच्या रेघोट्या ओढत बसायचे, आणि मी रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून टाकायची. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. सदऱ्याची पाठ होती, डावा खांदा अर्धं बोट उतरता. तसा खांदा आपल्या घरात एकाचाच आहे. चार महिने ते मला तुझं नाव सांगत होते आणि मी पुसत होते.

तो गुरुवार होता. लगेच फोन करायला हवा होता, केला नाही. कोणत्या तोंडाने सांगू म्हणून शब्द जुळवत बसले, रविवारी करू म्हटलं. शनिवारी सकाळी दुसरा झटका आला. या वेळी ती मागची, कळण्याची जागा गेली. आता आपलं बोलणं त्यांना ऐकू जातं, पण उमगत नाही. तू माफी मागितलीस तरी पोचायची नाही. मी रोज मागते, माझीही पोचत नाही. आधी आला असतास तर शब्दन् शब्द कळला असता त्यांना. तुझे ते चार महिने मी घालवले, बाळा.

तरी ये. त्यासाठीच हे पत्र. डॉक्टर म्हणतात, माणसाची ओळख आणि हाताची सवय वेगळ्या जागी असतात, तिथवर अजून धक्का पोचलेला नाही. काल मी त्यांच्या गळ्यात टेप अडकवली, तर डावा हात आपसूक तिच्यावर गेला. तू आलास की काही बोलू नकोस. लहानपणी माप द्यायला उभा राहायचास तसा त्यांच्याकडे पाठ करून उभा राहा, आणि हलू नकोस. खांदा त्यांना सापडेल.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई