फौजदारणीचं पोट

सोमवार, ३ फेब्रुवारी

ती. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आपली पत्रं तुझ्या हातात येण्याआधी तुरुंगातले साहेब वाचतात असं तू लिहिलंस, म्हणून त्यांनाही नमस्कार. साहेब, पुढे फौजदारीण असा जो उल्लेख येईल तो आमच्या कोंबडीचा आहे. छाती काढून चालते आणि दिसेल त्याला दम देते म्हणून दादाने ते नाव ठेवलं. पोलिस खात्याचा अपमान करण्याचा हेतू नाही.

तर दादा, तुझी फौजदारीण आजारी आहे. गेल्या महिन्यापासून तिची अंडी कवचाशिवाय, मऊ पिशवीसारखी पडत होती. मग तीही बंद झाली. पोट फुगून खाली लोंबायला लागलं आणि ती पाय फाकवून बदकासारखी चालायला लागली. मला वाटलं, वय झालं, सुस्तावली. गुरुवारी काजं-बटणं करून कारखान्यातून घरी आले तर खुराड्यात नुसता कालवा. तिचं अंग मागून बाहेर आलं होतं, लालभडक, लिंबाएवढं, आणि बाकीच्या तिघी त्यावर तुटून पडल्या होत्या. चोचीत मांस धरून ओढत होत्या, आणि ही कोपऱ्यात तोंड खुपसून उभी. त्या तिघींना हिनेच पंखाखाली घेऊन मोठं केलं होतं. मी झाडूने त्यांना असं बडवलं की एकीचा पाय लचकला. मला जराही वाईट वाटलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ते अंग धुऊन बोटाने आत बसवलं. त्यांनी सांगितलं की हिची अंडी बाहेरच्या वाटेला न लागता पोटातच पडतात, बलक तिथे साचतो आणि सडतो. आता रोज औषध द्यायचं, पोटात साचलेलं पाणी अधूनमधून सुईने काढायचं, आणि हिला वेगळ्या टोपलीखाली ठेवून टोपलीवर दुपारपासूनच पोतं टाकायचं. उजेड कमी झाला की अंगाला हिवाळा आल्यासारखं वाटतं आणि अंडी थांबतात. वाचेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की काही महिने मिळतील, त्याहून जास्त आशा धरू नका.

आणखी एक. तू पाइप घालून मोडलेला ह्यांचा जबडा आता बसला, तारा काढल्या, असं शेजारच्या शिंपीणकाकू सांगत होत्या. मी विचारलं नव्हतं. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

तब्येतीला जप. वागणूक चांगली ठेवलीस तर मेमध्ये सुटशील. लोभ असावा आणि राग नसावा, ही विनंती.

तुझी,
बारकी


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं भणाणलं. आधी लिहिणार होतो की त्या तिघींच्या माना मुरगाळ. पण साहेबांनी समजावलं की कोंबडीला लाल दिसलं की ती टोचते, त्यात वैर नसतं. साहेबांच्या घरी पूर्वी खुराडं होतं. आता तेच मला विचारतात, फौजदारणीचं काही आलं का. त्यांनी सांगितलंय की जखमेवर जांभळं औषध फास, म्हणजे लाल दिसणार नाही.

तिला धरताना डाव्या काखेत घे, पंख दाबून, डोळ्यांवर फडकं टाकून. ती नखं मारील, शिव्या देईल. देऊ दे. आमच्या बराकीतही हाच न्याय आहे, जो पडला त्याला सगळे टोचतात. फरक एवढाच की इथे जांभळं औषध नाही.

आता जबड्याबद्दल. ज्या माणसाने तुझ्या पोटात लाथ घालून चार महिन्यांचं लेकरू मारलं, त्याला तू अजून 'हे' म्हणतेस. वाचताना माझे दात एकमेकांवर घासले. जबडा बसला ते बरंच झालं. पुन्हा मोडायला तो आधी धड लागतो. सुटल्यावर मी घरी नंतर येईन, आधी त्याच्याकडे जाईन, आणि या खेपेला जबड्यावर थांबणार नाही. हे वाक्य वाचून साहेबांनी मला बोलावलं होतं. खोडू का, असं विचारलं. मी म्हटलं राहू द्या, तिला ठाऊकच आहे.

दाराला आतून कडी लावत जा. खिडकीच्या गजाचं एक वेल्डिंग कच्चं आहे, मीच आळस केला होता, तिथे बाहेरून फळी ठोक. बाकी तू शहाणी आहेस. आशीर्वाद आहेतच, ते लांबून जेवढे पोचतील तेवढे घे.

तुझा,
दादा


रविवार, २ मार्च

ती. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

काल पहिल्यांदा मी एकटीने पाणी काढलं. पोटाखालची चार पिसं उपटून, जागा पुसून, सुई आत घातली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की घाई करायची नाही आणि सगळं पाणी काढायचं नाही. एकदम रिकामी झाली तर तिचा जीव जातो, म्हणून अर्ध्यावर थांबायचं. कपभर निघालं. गढूळ पिवळं, आणि वास असा की शिंपीणकाकू नाक धरून घरी गेल्या. सोडल्याबरोबर फौजदारीण ताठ चालत अंगणभर फिरली, दाणे खाल्ले आणि माझ्या घोट्याला चोच मारून रक्त काढलं. म्हणजे बरं वाटत असावं.

तो आला होता. बघ, 'तो' लिहिलं. पायरीवर बसून रडला, चुकलो म्हणाला, घरी चल म्हणाला. मी कडी काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घराला लागून असलेल्या तुझ्या वर्कशॉपची काच फुटलेली होती आणि दगड ऐरणीजवळ पडला होता. मी चौकीवर कळवलंय.

आता नीट वाच, आणि रागावायचं असेल तर वाचून झाल्यावर रागव. आई-बाबा गेले. पोटातलं गेलं. मला तू एकटा उरला आहेस. तू बाहेर येऊन त्याला मारशील आणि कायमचा आत जाशील, मग मी केस पांढरे होईपर्यंत याच पत्त्यावर लिहीत बसेन. त्या दिवशी तू मला काही विचारलं नाहीस. मी दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा तुला पकडून नेलं होतं. नर्सने विचारलं, तुमच्याबरोबर कोण आहे. माझ्या उशाशी कोणी नव्हतं, दादा. तू माझ्यासाठी मारलंस असं सगळे म्हणतात. मला त्या वेळी तू मारायला नको होतास, जवळ हवा होतास.

त्याच्या वाटेला जाणार नाहीस असं वचन दे. एवढं एकच मागते आहे. उत्तर लवकर यावं, लोभ आहे तसाच राहावा.

तुझी,
बारकी


गुरुवार, १३ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

वचन देत नाही. खोटं लिहायचं तर दुसऱ्या कुणाला लिहीन.

वर दोन ओळी काळ्या दिसतील. त्या साहेबांनी खोडल्या, या खेपेला विचारलंही नाही. काच फोडणाऱ्याचं काय करायचं ते त्यांत होतं.

आता मे विसर. बराकीतला एक जण तुझं पत्र माझ्या खांद्यावरून वाचून तुझ्याबद्दल आणि कोंबडीबद्दल घाणेरडं बोलला. मी त्याचं डोकं नळावर आपटलं. तीन दात नळाखालच्या हौदात पडले. माझी शिक्षेतली सूट कापली, आता जून उजाडेल. साहेबांनी मला उभं करून झापलं. म्हणाले, अर्ध्यावर थांबायचं असतं हे कोंबडीच्या सुईला कळतं, तुला कळत नाही.

उशाशी कोणी नव्हतं हे वाक्य मी दुसऱ्यांदा वाचलं नाही. एकदा पुरलं. फौजदारणीला जप, मी येईपर्यंत तिला थांबव. जास्त लिहवत नाही.

तुझा,
दादा


सोमवार, ७ एप्रिल

ती. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

बसून वाच. साहेब, हे पत्र त्याच्या हातात द्याल तेव्हा कृपा करून शेजारी उभे राहा.

फौजदारीण गेली. कशी गेली ते सगळं सांगते, मधलं काही गाळणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी तुझ्या वर्कशॉपमध्ये तिचं पाणी काढायला बसले होते. तिथे उजेड चांगला येतो म्हणून दार उघडं ठेवलं, ती माझी चूक. सुई आत गेली होती आणि धार लागली होती, तेवढ्यात तो आला. प्यायलेला नव्हता. घरी चल, असं त्याने सांगितलं. मी मान वर न करता म्हटलं की थांब, सुई आत आहे. त्याने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तेच म्हटलं. कोंबडीसाठी नवऱ्याला ताटकळत ठेवतेस का, असं म्हणून त्याने माझे केस धरले आणि मागे ओढलं. मी हलले नाही. हलले असते तर सुईने तिचं आतडं फाटलं असतं. त्याने कानाखाली मारलं. पाठीत लाथ घातली. माझा ओठ फुटला आणि रक्त तिच्या पिसांवर पडलं, तरी मी सुई सरळ बाहेर काढली आणि भोकावर बोट दाबून धरलं. तिनेही पंख फडफडवला नाही.

मग त्याने तिला माझ्या हातातून हिसकावलं, पायांना धरलं आणि ऐरणीवर आपटलं. एकदा नाही, तीनदा, चारदा. तिचं पोट फुटलं आणि आत सडलेलं सगळं त्याच्या तोंडावर उडालं. तो थुंकत, डोळे पुसत मागे सरला.

मी तुझा मधला हातोडा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. वाटी फुटल्याचा आवाज ऐकू आला. तो पडला. दुसरा घाव डोक्यात घालायला मी हातोडा वर उचलला होता, दादा. मला घालायचा होता. तो हात आडवा धरून ओरडत होता आणि ते ओरडणं मला गोड लागत होतं, हेही लिहून ठेवते. पण दोघंही आत गेलो तर पत्र कोण कुणाला लिहिणार, हे मनात आलं आणि हात खाली आला.

शिंपीणकाकू दारात उभ्या होत्या. त्यांना अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगून मी तशीच रक्ताळलेली चौकीवर गेले आणि घडलं ते सांगितलं. काकूंनीही जबाब दिला. घरात शिरून मारहाण केल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला आहे. केस माझ्यावरही आहे, पण मी जामिनावर घरी आहे, आणि वकीलबाई म्हणतात की जीव वाचवायला मारलं हे कोर्टात टिकेल. त्याचा पाय आता जन्मभर वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

फौजदारणीला मागच्या अंगणात पुरलं. मी तिला तू येईपर्यंत थांबवू शकले नाही. त्या रात्री पोटभर जेवले आणि मग पहाटेपर्यंत रडले.

त्याचा हिशेब मी माझ्या हाताने केला आहे. तुझ्यासाठी काही शिल्लक ठेवलेलं नाही. आता तू नुसता घरी ये. पूर्वीचा लोभ पुरेसा आहे, वाढवला नाहीस तरी चालेल.

तुझी,
बारकी


मंगळवार, ३ जून

चि. बारकीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुझा राग आला होता. तो माणूस माझ्या वाटणीचा होता, तू कोण मध्ये पडणारी, असं वाटलं. साहेब शेजारी उभे होते. मी भिंतीवर इतक्या बुक्क्या मारल्या की दोन बोटं मोडली, म्हणून अक्षर असं आहे. साहेब म्हणाले, भिंतीने तक्रार केलेली नाही, त्यामुळे सूट कापत नाही.

मग बराकीत येऊन कोंबडीसाठी रडलो. सगळ्यांच्या देखत. नळाशी ज्याचे दात पाडले होते तोच माझ्या बाजूला येऊन बसला.

तुझ्या फुटलेल्या ओठाचं चित्र डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हाही मी तुझ्याजवळ नव्हतो.

सोमवारी, नऊ तारखेला सकाळी सोडणार आहेत. तू लिहिलंस की माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाहीस. ते खरं नाही. तू त्याचं डोकं शिल्लक ठेवलंस आणि मला रोज तेच दिसतं. इथून बाहेर पडलं की रस्ता फुटतो. डावीकडे आपलं घर, उजवीकडे त्याचं. वचन मी आजही देत नाही, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही.

म्हणून एक मागतो. मी तुझा थोरला भाऊ, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. त्या दिवशी कामावर खाडा कर आणि सकाळीच इथे गेटवर ये. मी बाहेर आलो की काही न बोलता माझा हात धर आणि मला डावीकडे घेऊन चल. मी ओढ घेईन, ऐकणार नाही, भर रस्त्यात तुला वाटेल ते बोलेन. तरी ने.

लोभ आहे म्हणूनच एवढं सांगायचं धाडस केलं.

तुझा,
दादा