दादाच्या वास्तुशांतीचे फोटो

ब्रॅकनेल, इंग्लंड, रविवार, १४ नोव्हेंबर २००४

दादाने ग्लासगोला घर घेतलं, वास्तुशांत केली आणि मला बोलावलंच नाही. कळलं तेही वहिनीने वेबसाइटवर फोटो टाकले म्हणून. घटस्फोट घेतलेली बहीण पूजेला नको, दुसरं काय! आणि नागपूरला आईला मात्र सांगून टाकलंय की मीही होते.

आईने फोटो माझ्याकडेच मागितले. तिला वेबसाइट जमत नाही. वर्डची फाईल असली की सायबर कॅफेवाला छापून देतो. काल नुसते कॉपी-पेस्ट करून पाठवले, तर तिकडे फोटोंच्या जागी लाल फुल्या. आज एकेक फोटो आधी सेव्ह केला, मग वर्डमध्ये घातला. म्हणजे प्रत्येक फोटो नीट बघावा लागला. एक फोन करता आला नसता दादाला? लाल फुल्याच बऱ्या होत्या.

संध्याकाळी आईचा फोन आला. "सगळे फोटो आले गं. पण तू एकातही कशी नाहीस?"

खरं सांगणारच होते. पण ती इतकी खुशीत होती.

"फोटो मीच काढत होते, आई."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "दादा किती मायेने बघतोय तुझ्याकडे!"