शेवटच्या पानावरचे पासवर्ड

सोमवार
लागली बुवा नोकरी! फोन दुरुस्तीचं दुकान, काचेचं टेबल, मला स्वतःचं भिंग आणि गरगर फिरणारी खुर्ची. ताईनं शब्द टाकला म्हणून मिळाली; नाहीतर माझे आधीचे प्रताप ऐकून कुणी दारात उभं केलं नसतं. मालकांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. त्यांचा नियम साधा. गिऱ्हाइकानं पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्यायचा. अपडेट झालं की फोन लागतो का, कॅमेरा चालतो का, एवढंच बघायचं आणि चिठ्ठी गिऱ्हाइकासमोर फाडायची. आत डोकवायचं नाही. मी मान डोलावली.

बुधवार
तोच फोन दुसऱ्यांदा आला की पुन्हा पासवर्ड विचारा, लोक वैतागतात. म्हणून मी शक्कल लढवली. चिठ्ठी फाडण्याआधी आकडे या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतो. वही माझी, बघणार कोण? डॉक्टर म्हणाले, पोरगं चटपटीत आहे. त्यांना यातलं काही माहीत नाही.

शुक्रवार
शिलाईवाल्या काकूंचा फोन अपडेटला आला. यजमान गेल्या वर्षी वारले, त्यांचा आवाज यात आहे, तेवढा जपा, असं तीनदा बजावून गेल्या. अपडेट झालं, आवाज शाबूत. तिथंच थांबायला हवं होतं. मी तो लावला. अंथरूण ओलं झालं म्हणून आजारी माणूस रडत बायकोची माफी मागतोय, आणि काकू त्याला हसवतायत. मला हसू आलं. पुन्हा लावला. शी!

काकू फोन न्यायला आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. मान वर करवेना. संध्याकाळी मित्रांबरोबर होतो. त्याबद्दल काही लिहीत नाही.

शनिवार
पोस्टमनचा फोन अपडेट केला. कॅमेरा तपासायला गेलो, तर आत आधीच एक फोटो. या वहीचं पान. कालचं. माझंच गिचमिड अक्षर, ‘मला हसू आलं’ स्पष्ट दिसतंय. वही तर आज दुकानात आणलीच नव्हती, घरी कुलपात होती! फोटो पुसला. परत आला.

सोमवार
चार फोन अपडेट केले. चारही फोनांत माझी पानं. पुसतो, उगवतात. डॉक्टरांना सांगावं तर ताईचं नाक कापलं जाईल. तसेच देऊन टाकले. पोस्टमन फोन घेऊन जाताना माझ्याकडे बघत होता. वाचलं असेल का?

मंगळवार
काकू आल्या. आत नाही आल्या. काचेबाहेर उभ्या, फोन छातीशी धरून. नुसत्या बघत राहिल्या. चार शिव्या घातल्या असत्या तरी—

घरी येऊन शेवटचं पान जाळलं. वही उघडली. पान आहे. खाली एक नवा पासवर्ड, माझ्याच अक्षरात. ताईचा. मी लिहिलेला नाही. शपथ.

बुधवार
सुट्टी. ताईनं स्वतःच फोन अपडेटला लावला. म्हणाली, अडलं तर तू आहेसच की घरात. मी नको नको म्हणेपर्यंत—

खोलीत आलो. कडी लावली.

बाहेर फोन वाजला. अपडेट झालं.

ताई वाचतेय. मोठ्यानं. ‘लागली बुवा नोकरी’पासून.

ताई, माफ कर— हेही वाचलं तिनं, मी लिहिता लिहिताच—

थांबलो. ती थांबत नाही. पुढचं वाचतेय. हे मी लिहिलेलं नाही! हे मी कुठंच लिहिलं नव्हतं, की तो आवाज मी माझ्या फोनमध्ये घेतला, आणि मित्रांना ऐकव—