एकोणचाळीस मिनिटांचा मंगळ

अंधेरी,
सोमवार, ता. १६ नोव्हेंबर १९५३

तीर्थस्वरूप नंदूमामा यांस,

श्यामकांतचा साष्टांग नमस्कार. या खेपेस तो नुसता कागदावरचा नाही. आत्ताच खोलीचं दार लावून, मुलुंडच्या दिशेला तोंड करून खरोखर घातला आणि उठताना कमरेत उसण भरली. आपला खोकला कसा आहे? मामींचा गुडघा थंडीने पुन्हा धरला नसेल अशी आशा आहे. आम्ही काल गोव्याहून सुखरूप परत आलो. सुखरूप म्हणजे मी, वसुधा, नीला आणि मोटारीचा बराचसा भाग. मुलुंड काही विलायतेत नाही. दादरला गाडी बदलली असती तर आज सकाळीच आपल्या दारात उभा राहिलो असतो, आणि तसंच उभं राहायला हवं होतं हे मला कळतं. पण समोर बसलं की आपण चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघता, आणि मग मला हटकून खोटं बोलावंसं वाटतं. यापुढे मला खोटं बोलायचं नाही. म्हणून पत्र.

मोटारीची अर्धी हकिकत आपणांस ठाऊक आहे. उन्हाळ्यात इथल्या एका स्टुडिओतून मी ती घेतली तेव्हा विकणाऱ्या गृहस्थांनी छातीला हात लावून सांगितलं होतं की बारा वर्षांची असली तरी गाडी फार कमी चाललेली आहे. ते अक्षरशः खरं निघालं. बारा वर्षं ती पडद्यासमोर उभी होती. मागच्या पडद्यावर झाडं पळायची, पुढून पंखा सोडायचे, दोन माणसं खाली बसून गाडी हलवायची आणि आत नायक-नायिका गाणं म्हणायची. (नीलाला हे कळल्यापासून ती मागच्या सीटवर बसली की गायलाच लागते.) असल्या गाडीने कोणी शहाणा माणूस कुर्ल्यालासुद्धा जाणार नाही. पण मी रेल्वेच्या टाइमटेबल खात्यातला हेडक्लार्क, फुकटचा पास खिशात, आणि तरी आमच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर सांगत सुटलो की यंदा भाऊबीज झाली की आम्ही परदेशी निघालो, स्वतःच्या मोटारीने! गोव्यात राज्य पोर्तुगालचं, तेव्हा शब्द म्हणून तो खोटा नव्हता. पण कुलदेवतेच्या दर्शनाला जाणारा माणूस 'परदेशी' हा शब्द ज्या तोऱ्यात म्हणत होता, तो आठवला की आता अंग चोरून बसावंसं वाटतं. तळमजल्यावरच्या कुंदाताईंनी तर मला हार घातला होता. एक मोटारीलाही घातला.

सावंतवाडी सोडेपर्यंत गाडीने अब्रू राखली. हद्दीवरच्या गोऱ्या शिपायाने आमचा फराळाचा डबा उघडून दोन करंज्या खाल्ल्या, कागदावर शिक्का मारला आणि आम्ही परदेशात शिरलो. तिथून तीन मैलांवर एका लाल चढावर गाडीने आधी वाफ सोडली, मग पाणी सोडलं आणि शेवटी प्राण सोडला. मी खाली उतरलो, पुढचं झाकण उघडलं आणि ऑफिसात साहेब आल्यावर फायलीत जसं डोकं घालतो तसं बराच वेळ आत डोकं घालून उभा राहिलो. वसुधा म्हणाली, "तुम्ही बघताय म्हणून सुरू होईल का ती?" गावातली चार माणसं जमली. त्यांनी ढकलत ढकलत गाडी पहिल्या मोठ्या घराच्या अंगणात, फणसाखाली नेऊन उभी केली. मिंगेल नावाचा मेस्त, म्हणजे तिथला मेकॅनिक, आला. त्याने पाण्याची टाकी सोडवली, ती म्हापशाला नेऊन डाग द्यावा लागेल म्हणाला, आणि "फाल्यां जातली" असं सांगून टाकी खांद्यावर टाकून गेला. म्हणजे उद्या होईल. असे तीन फाल्यां झाले.

घराचे मालक पासष्टीचे, धोतर, पांढऱ्या मिशा, कानावर पेन्सिल. त्यांनी आम्हांला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आधी न्हाणीत गरम पाणी काढायला लावलं, नीलाला दूध दिलं, आम्हांला जेवू घातलं. सुपारी पुढे केल्यावर कुठे त्यांनी माझं नाव विचारलं. मी संपूर्ण नाव सांगितलं, अंधेरी सांगितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली आणि म्हणाले, "म्हणजे मुलुंडच्या नंदकिशोररावांचे भाचे तुम्ही?"

मामा, ते दत्ताराम धुमे होते.

आपणांस आठवत नसेल तर मी आठवण करून देतो, कारण मला ती तीन दिवस उठता बसता होत होती. आठ वर्षांपूर्वी आपल्याच घरी मी त्यांच्या मुलीला पाहिलं. मृणालिनी तिचं नाव. मी शिवण येतं का, वाचन आहे का, असे नेहमीचे प्रश्न विचारले. तिने सगळ्यांची उत्तरं दिली आणि मग मला विचारलं, "आणि तुम्ही शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंत?" माझ्या तोंडून खरं निघून गेलं : "रेल्वेचं टाइमटेबल." ती हसली. आपण हसलात. दाराआडून मामी हसल्या त्या तर मला इथवर ऐकू येतात. मुलीत खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मी नुसतं नाही म्हणालो, आणि कारण काय देऊ असं आपण विचारल्यावर "पत्रिका जुळत नाही म्हणून लिहा" असं सांगून मोकळा झालो. आपणही लिहून टाकलंत. पत्रिका आपल्या टेबलाच्या खणात तशीच घडी घातलेली होती. ती कोणी उघडलीसुद्धा नव्हती.

आता ऐका. धुमे रागावलेले नाहीत. रागावले असते तर मी म्हापशापर्यंत पायी गेलो असतो, पण सुटलो असतो. ते पंचक्रोशीतल्या पत्रिका पाहत असत, नुसत्या हौसेने, आणि लोकांचा त्यांच्यावर भरवसा होता. माझी आणि मृणालिनीची त्यांनी स्वतः पाहिली होती : छत्तीसांपैकी एकतीस गुण. आपलं पत्र आलं तेव्हा त्यांना वाटलं, मुंबईच्या मोठ्या ज्योतिष्याला दिसलं ते आपल्याला दिसलं नाही. पोटच्या मुलीच्या पत्रिकेत चुकलो, तर लोकांच्या किती चुकवल्या असतील, या विचाराने त्यांनी दुसऱ्या दिवसापासून पत्रिका पाहणं बंद केलं. मुलीसाठीही पुन्हा कधी काढली नाही. आठ वर्षं, मामा. आणि आता साक्षात नवरामुलगा फणसाखाली गाडी बंद पाडून दारात आलेला! त्यांनी वही आणली, पान उघडलं आणि शाळेतल्या मुलाने मास्तरांना विचारावं तसं विचारलं, "माझं नेमकं चुकलं कुठं, तेवढं सांगा हो."

मी पाणी मागितलं.

संध्याकाळी मृणालिनी आली. गावात मुलींची शाळा तिनेच काढली आहे, तिथे ती मुख्याध्यापिका आहे. लग्न केलेलं नाही. चष्मा लागला आहे. तिने मला पाहताक्षणी ओळखलं आणि ओसरीवर सगळ्यांच्या देखत विचारलं, "मग, त्यानंतर काही वाचलंत का?" मी काही बोलायच्या आत वसुधा, बिचारीला मागचं काडीचं ठाऊक नसताना, म्हणाली, "हे? टाइमटेबलाशिवाय कशाला हात लावतील तर शपथ." त्यावर दोघी ज्या हसायला लागल्या त्या तीन दिवस हसतच होत्या. दुसऱ्या दिवशी वसुधा तिच्या शाळेत जाऊन मुलींना विणकाम शिकवून आली. मृणालिनीसारख्या चांगल्या बाईला मी नाही म्हटलं, आणि का म्हटलं, हे माझ्या मनात राहून राहून येत होतं. (वसुधाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. हे वाक्य आपण मामींनाही वाचून दाखवावं.)

धुमे मात्र सोडत नव्हते. चहा झाला की वही, जेवण झालं की वही. मी डोकं दुखतं म्हणालो, त्यांनी सुंठ उगाळली. मी आठवत नाही म्हणालो, ते म्हणाले, आठवेल, घाई नाही, मिंगेलही घाई करत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुरता कोंडीत सापडलो आणि माझ्या तोंडून माझ्या खात्यातलं एकमेव ज्ञान बाहेर पडलं. म्हटलं, आमच्या ज्योतिष्यांनी मुंबईचा जुना बॉम्बे टाइम आणि रेल्वेचा स्टँडर्ड टाइम यांच्यातला फरक धरला होता. एकोणचाळीस मिनिटं. मुंबईत जन्मलेल्या माणसाची वेळ तेवढी पुढे सरकवावी लागते. यात काही अर्थ आहे की नाही मला माहीत नाही; टाइमटेबलात असतो, एवढंच माहीत. धुम्यांनी पेन्सिल घेतली, वेळ सरकवली, आकडे मांडले, आणि मामा, माझा मंगळ उठून सातव्या घरात जाऊन बसला. म्हणजे मला कडक मंगळ! आठ वर्षं आपण जे खोटं बोललो ते माझ्याच खोट्याने खरं करून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सापडलं," म्हणाले, आणि माझे दोन्ही हात धरले. माझ्या आयुष्यात इतक्या प्रेमाने माझे हात कोणी धरले नसतील, आणि ते मला सोडवूनही घेता येईनात.

इथवर झालं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण म्हाताऱ्याला हुरूप आला. शेजारच्या भिकाजींची मुलगी जया, हिचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं आहे, मुलगा घाटकोपरचा. घाटकोपरचा म्हणताच धुम्यांनी त्याचीही पत्रिका मागवली, त्यालाही एकोणचाळीस मिनिटं लावली आणि त्याचाही मंगळ हलला. ते म्हणाले, पौर्णिमा झाली की भिकाजीला सांगतो, सोयरीक मोडायला हवी, तुम्ही देवासारखे आलात म्हणून कळलं. पौर्णिमा येत्या शुक्रवारी आहे. जया अंगणातच नीलाला अबोलीची वेणी माळत होती.

नेमकी तेव्हाच मिंगेलने गाडी सुरू केली. मी वसुधाला आणि नीलाला आत बसवलं. मृणालिनी खिडकीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पत्रिका कोणी पाहिलीच नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझं काही अडलं नाही. पण बाबांना सांगा. मी सांगितलं की त्यांना वाटतं, मी समजूत घालते." मी म्हणालो, आता उतरलो तर गाडी बंद करावी लागेल, आणि बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाजूला झाली. ओसरीवरून म्हातारा हात हलवत होता. मी गाडी हाकली. कुलदेवतेला गेलोच नाही. तिच्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो? परत येताना आंबोलीच्या घाटात वसुधाने विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती कोल्हापूरपर्यंत बोलली नाही. तिथून अंधेरीपर्यंत मात्र बोलली.

तर असा मी आपला भाचा. मामींना नमस्कार.

आपला
श्यामकांत

ता. क. एक काम होतं. ते मूळ पत्र आपल्या अक्षरात गेलं होतं, तेव्हा आता खुलासाही आपल्याच अक्षरात गेलेला बरा. शुक्रवारच्या आत धुम्यांना पोचेल असं एक कार्ड टाका, की मुंबईचा ज्योतिषी लबाड निघाला, एकोणचाळीस मिनिटं वगैरे सगळं थोतांड आहे आणि जयाचं लग्न मोडू नये. त्यात माझं नाव आलं नाही तरी चालेल.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर वसुधाने वाचला. ती म्हणाली, लग्नाला नाही म्हणायला मामा आणि माफी मागायलाही मामाच का? मग मी समोर बसून कार्ड लिहिलं. चार कार्डं फुकट गेली, पाचवं असं : "पत्रिका कोणीही उघडली नव्हती. मुलीने मला हसून एक प्रश्न विचारला, तो मला लागला, म्हणून मी नाही म्हणालो. एकोणचाळीस मिनिटं मी बनवली. आपलं गणित आठ वर्षांपूर्वीही बरोबर होतं. जयाचं लग्न होऊ द्या." कार्ड पोस्टमन वाचेल म्हणून मी पाकीट म्हणत होतो. वसुधा म्हणाली, वाचू दे. पेटीत टाकून आलो आहे. तेव्हा आपण तसदी घेऊ नये.

ता. क. तिसरा. (हा ती पानं घ्यायला गेली आहे तेवढ्यात लिहितो.) कार्ड टाकून परत येताना तिने विचारलं की आमच्या लग्नाच्या वेळी मामांनी 'पत्रिका उत्तम जुळते' म्हणून लिहिलं होतं, ती तरी कोणी उघडली होती का. मी म्हणालो, मामांना विचारतो. मामा, उघडली होती की नव्हती ते मला कळवू नका, आपल्या उत्तराचं पाकीट तीच फोडणार आहे. किती गुण लिहायचे ते आपण ठरवा, पण बत्तीसच्या खाली येऊ नका.