मेहुण्याचा जोड

१ जून १९९८, सोमवार
मालक पोपटरावांनी केबिनमध्ये बोलावलं. साखर कारखान्यांसाठी टाक्या बनवणारं आमचं वर्कशॉप एक वेल्डर पक्का करणार आहे. जोड तपासणारा मी, म्हणून निवड माझ्या रिपोर्टवर. उमेदवार दोन: बिरदेव, म्हणजे माझा मेहुणा, आणि सत्यजित, म्हणजे पोपटरावांचा भाचा. मी म्हणालो, माझं नातं आहे, मी बाजूला होतो. ते म्हणाले, "सर, तुमच्याइतका काटेकोर माणूस तालुक्यात न्हाई. तुम्हीच बघा." स्तुतीला भुललास का, असं मनाला विचारलं. नाही, असं उत्तर आलं.
संकल्प: नात्याचा वाराही लागू द्यायचा नाही.

२ जून
प्रतिभाला सांगितलं. म्हणाली, "माझा भाऊ रोजंदारीवर झिजला हो. पक्का झाला तर शिरूरला खोली करून बायकोला मांडवगणहून आणील. रुपालीला दिवस गेलेत. न्हाईतर गुजरातला रिफायनरीच्या कामावर जाणार म्हणतोय." मी म्हणालो, भावनेने जोड पक्का होत नाही. वाक्य चांगलं जमलं होतं. ती उठून गेली.

४ जून
बिरदेवची टेस्ट. दोन जाड प्लेटा त्याने माझ्यासमोर जोडल्या. जोड देखणा. म्हणूनच संशय आला. उलट्या बाजूने गाउजिंग करून आत बघायचं ठरवलं. म्हणजे कार्बनच्या कांडीने लोखंड वितळवायचं आणि कॉम्प्रेसरच्या हवेने ते तिथल्या तिथे उडवायचं, की खोल चर पडतो. न्याय स्वतःच्या हातानेच करावा, म्हणून कांडी मीच धरली. हवेच्या आवाजात विचार सुचत नाहीत, म्हणून व्हॉल्व्ह अर्धाच उघडला. चरात काळी रेघ, म्हणजे जोडात आत फट! छाती धडधडली. दुःखाने, असं मी मानतो.
बिरदेव ओरडला, "दाजी, त्यो माझा दोष न्हाई, तुमच्या कांडीचा कार्बन हाय! हवा पुरती सोडा, आन् वरनं ग्राइंडर मारा. लोखंडाला मशेरी लावून ठिवलीय नुसती!" सगळे हसले.
पुस्तकातही तसंच लिहिलंय. पण शंकेचा फायदा परक्याला देता येतो, मेहुण्याला नाही.

५ जून
मन खात होतं. एका चरावरून माणसाला नापास करणं बरोबर का? म्हणून शेजारी दुसरा चर मारला. तिथेही काळं. मग तिसरा. व्हॉल्व्ह तेवढाच ठेवला, कारण सगळ्या चाचण्या एकाच परिस्थितीत घ्याव्यात हे कॉलेजात शिकलोय. शेवटी जोडाला आरपार भोक पडलं. बिरदेव म्हणाला, "दाजी, घावलं का? वाकून बघा जरा, पलीकडं मांडवगण दिसंल."
या वेळी कोणी हसलं नाही. बोलणं वर्मी लागलं असणार, त्याच्याच.
रिपोर्ट: जोड टिकला नाही.

६ जून
प्रतिभाने एवढंच विचारलं, "म्हंजी त्यो परका असता, तर पास झाला असता?" मी म्हणालो, अर्थात. तिने कपाटातून आपली पिशवी काढली. पटलेलं दिसलं.

९ जून
बिरदेव आज दौंडहून गाडीने गुजरातला गेला. मी स्टेशनवर गेलो नाही. परीक्षकाला ते शोभत नाही. प्रतिभा गेली. तिथून परस्पर मांडवगणला, रुपालीचं बाळंतपण होईपर्यंत. निघताना परत कधी येशील विचारलं, तर म्हणाली, "मी पण नात्यातलीच. आलेली चालंल का?" प्रश्न मुद्द्याचा आहे. नीट विचार करून उत्तर देईन.

दुपारी सत्यजितची टेस्ट. जोड उंटाच्या पाठीसारखा, मधेमधे बारीक छिद्रं. मी कांडी उचलली. पोपटराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ना सर. ज्यानं सख्ख्या मेहुण्याला घरी बसवलं, त्याच्या सहीवर कोण बोट ठिवतंय? म्हणून तर हे काम तुम्हाला दिलं."
इतका विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. शिवाय उमेदवार आता एकच उरलाय. त्यालाही कोरून काढला तर वर्कशॉपने करायचं काय? कांडी खाली ठेवली.
पोपटरावांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि सत्यजितच्या रिपोर्टवर कुठं सही करायची ते बोटाने दाखवलं.