एकटीसाठी कशाला

आई, तू गेलीस त्याला अठ्ठावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुझ्यावर कधी आवाज चढवला नाही. आज चढवणार आहे. हे ऑफिसात, मुलगी शाळेत, देवपूजा आटोपली आहे. हिशेबाच्या वहीतलंच एक कोरं पान फाडलं आहे. कागद वाया घालवला म्हणून आता तू बोलू नकोस.

मी जपानात राहते, निशी-कसाईत, आठव्या मजल्यावर. इथे आपली माणसं पुष्कळ. विजेचं बिल आलं की बायका विचारतात, काकू, तुमचं इतकं कमी कसं? मग मी सांगते. एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुवा, हिवाळ्यात तोच हीटर असतो. पडदा जमिनीला टेकेल इतका लांब शिवा. भिजवलेल्या डाळीला एक शिट्टी झाली की कुकर जुन्या रजईत गुंडाळून ठेवा, आपोआप शिजते. टबातलं पाणी गरम आहे तोवर सगळ्यांनी एकामागून एक आंघोळी उरका, पुन्हा तापवायचं बटण दाबावं लागत नाही, आणि उरलेलं पाणी नळीने धुण्याच्या मशीनमध्ये घ्या. हे शेवटचं शेजारच्या जपानी आजींनी शिकवलं. ओवळ्या पाण्यात कपडे कसे धुवायचे म्हणून मी वर्षभर अडून बसले होते. "बाकीचं कुठे शिकलात हो?" "आईकडे." अभिमानाने सांगत आले, परवापर्यंत.

जे सांगत नव्हते ते हे, की दिवसभर एकटी असताना मी हीटर लावतच नाही. स्वेटरवर कोट, पायात दोन-दोन मोजे, मांडीवर शाल. मुलगी यायच्या पंधरा मिनिटं आधी बटण दाबते. तिने एकदा विचारलंही, "तुला थंडी नाही वाजत?" मी म्हटलं, "जपाला बसलं की नाही वाजत." कुठून आलं हे माझ्या तोंडात, सांग.

काल भजनाहून परत येते तर मुलगी माझ्या आधी घरी. शाळा लवकर सुटलेली. जेवणाच्या टेबलाशी कोट-टोपी घालून अभ्यासाला बसली आहे, बोटं लाल, पेन्सिल धड धरवत नाही.

"अगं, हीटर का नाही लावलास?"

"एकटीच होते ना. मोत्ताइनाई." वाया जातं, असा इथला शब्द आहे.

"कोणी सांगितलं तुला असं?"

"कोणी नाही. तू पण कुठे लावतेस? पप्पा आले की लावू." आणि वर हसून, "मी तुझ्यापेक्षा स्ट्राँग आहे. मी जप पण नाही केला."

मी रिमोट उचलला आणि तिच्यावर अशी ओरडले की पोर रडायला लागली. तिला कळेना, शाबासकी द्यायची सोडून आईला झालं काय. ओरडत होते तुझ्यावर. ऐकलं तिने.

एकटीसाठी कशाला बंब पेटवायचा, हे तुझं वाक्य. आम्ही उठायच्या आत तू गार पाण्याने आंघोळ उरकायचीस आणि मग आमच्यासाठी बंब पेटवायचीस. पौष-माघात विचारलं तर म्हणायचीस, "माघस्नान आहे. गारच लागतं, पुण्य असतं." फाल्गुनात विचारलं तर म्हणायचीस, "आता सवय झाली." अगं, काटकसर करायला घरात शंभर जागा होत्या. बंबाचं झाकण नीट बसत नव्हतं, नळीत बोटभर काजळी साचलेली, निम्मा जाळ फुकट जायचा. बाबांची आंघोळीची तिसरी बादली होती. तिला तू कधी हात लावला नाहीस. घरात स्वस्त काय, तर तुझं अंग. आणि त्यावर देवाचं नाव घातलंस. मी देव मानते म्हणूनच मला याची जास्त चीड येते. कुठल्या देवाने तुझ्याकडे दोन लाकडं मागितली होती?

आज शाळेत जाताना मुलगी हीटर लावून गेली. "बंद केलास तर मला कळेल," असा दम देऊन. चालू आहे. एकटीसाठी. मघापासून तीनदा हात रिमोटकडे गेला.

हे पान कुठे पाठवायचं आहे थोडंच. वहीतच घडी घालून ठेवीन. पण एवढं बोलले तर उरलेलंही बोलते. शेवटच्या वर्षी तुला कणकण होती, छाती घरघरत होती, आणि तू आयुष्यात एकदाच म्हणालीस, "आज माझ्यापुरती एक बादली ठेव गं." मी त्या दिवशी केस धुतले. तू बंबाची तोटी सोडलीस, गार पाणी आलं. माझ्या ओल्या केसांकडे बघून म्हणालीस, "असू दे, माघस्नान आहे." मी मान डोलावली. त्याच फाल्गुनात तू गेलीस.

माघी पौर्णिमा होऊन तेव्हा चार दिवस झाले होते, आई. स्नान संपलं होतं. घरात पंचांग मीच वाचत असे.