सातव्या स्क्रूची झिलई

बर्न, ११ ऑक्टोबर १९८१

ती. लेओनी आत्यास,
ह्युगेतचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण चांगली बातमी लिहायची म्हणून थांबले होते. ती काही आली नाही, तेव्हा आहे ती लिहिते. बाबांना पत्र लिहिलं की त्यांचा चष्मा हरवतो, म्हणून तुलाच लिहिते आहे. त्यांना वाचून दाखव, पण जेवण झाल्यावर. आधी नको.

बाबांनी लेथवर कातलेले आणि तू झिलई दिलेले ते बारा स्क्रू सहा मेंढ्यांच्या मणक्यांत बसवून बारा आठवडे झाले. या आठवड्यात ते यंत्राने ओढून पाहिले. अकरा स्क्रू जरासा जोर लावताच सुटून आले. हाडाने त्यांना धरलंच नव्हतं. सातव्या क्रमांकाचा मात्र सुटेना. यंत्राचा जोर वाढवत नेला तेव्हा शेवटी हाडच तुटलं, आणि स्क्रू बाहेर आला तो हाडाचं वेष्टण अंगावर घेऊनच. धातू एक, माप एक, आटे एक, आणि तरी असं का, हे इथे कोणालाच सांगता येत नाही.

१४ डिसेंबरला समिती बसणार आहे. स्क्रू हाडात घट्ट कसा राहील याचं उत्तर तोवर माझ्याकडे नसेल तर हे काम बंद. खातेप्रमुखांनी मला हे कॉफी पाजून सांगितलं. आत्या, मी या कामाला का चिकटले आहे ते तुला सांगायला नको. आई गवताच्या माळ्यावरून पडली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काखेपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालून तिला पाठीवर निजवून ठेवलं, आणि तिसऱ्या महिन्यात रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन ती गेली. मोडलेल्या मणक्याच्या वर दोन स्क्रू, खाली दोन, त्यांना जोडणाऱ्या दोन सळ्या, आणि माणूस चौथ्या दिवशी उठून बसलेला. मला एवढंच हवं आहे, आणि ते झाल्याशिवाय मी हलणार नाही.

तेव्हा बाबांना एकच विचार. सातवा स्क्रू करताना काही वेगळं घडलं होतं का? पाती बदलली, तेल बदललं, काहीही. त्यांना राग येईल, पण विचार.

मोजे कधी येणार? इथे थंडी सुरू झाली. लोभ आहेच, तो थंडीपुरता तरी वाढव.

तुझी,
ह्युगेत

~

ला कॉम्ब, १८ ऑक्टोबर १९८१

चि. ह्युगेत हीस,
लेओनी आत्याचे अ. आ.

तुझं पत्र ओरेलला जेवणानंतर वाचून दाखवलं. काही उपयोग झाला नाही, जेवण वरच आलं म्हणेनास. त्याचं म्हणणं, पन्नास वर्षं लेथवर उभा आहे, त्याच्या हातून बारा स्क्रू गेले म्हणजे ते बारा जुळे भाऊ गेले, आणि ज्यांना फरक दिसतो त्यांनी मेंढ्यांना विचारावं. मग तो कारखान्यात गेला आणि दार असं आपटलं की खिडकीतली फुलझाडाची कुंडी पडली. तुझ्या बाबांना विचारणं म्हणजे आपण होऊन खाजवून खरूज काढणं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

आणि तू त्या सातव्याला काय एवढी धरून बसलीस? सहांत एखादी मेंढी दांडगी निघायचीच. आपल्या वरच्या कुरणातली तांबडी घोडी नाही का, तिला कसलंच खोगीर बसत नाही. तू अकरांचं बघ.

बाकी ठीक. दरीतले घड्याळांचे आणखी दोन कारखाने बंद झाले. ओरेल रोज सकाळी कुंपणाशी उभा राहून त्यांची धुराडी बघतो. सेंट मार्टिनच्या सणाच्या जेवणाला ये. डुक्कर शेजाऱ्यांचं आहे, पण रक्ताची सॉसेजं मी करणार आहे, आणि आंबट सायीचा केकही. मोजे सोबत पाठवले आहेत. घालताना फार निरखून बघू नकोस.

तब्येतीला जप, ममता आहेच.

तुझी,
आत्या

~

बर्न, १ नोव्हेंबर १९८१

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. एक दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लांब आहे आणि टाच घोट्यावर आली आहे. तुझ्या हातचं असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बरी आहेस ना? की बाबांच्या रागाच्या भरात तू विणत होतीस?

खातेप्रमुखांनी काल सुचवलं की सातवा आकडा चुकार धरून अहवालातून काढून टाकावा. मी नाही म्हटलं. अकरा वाईट आकडे खरे आणि एक चांगला तेवढा खोटा, हा न्याय मला कळत नाही. ते म्हणाले की हा हट्ट आहे. मी म्हटलं की आमच्या घरी सगळ्यांनाच आहे.

तीन आठवडे मी आट्यांची खोली, त्यांचा कोन, हाडातली भोकं, सगळं पुन्हा मोजलं. कशातच फरक नाही. आता उरला आहे तो आपला कारखाना. म्हणून ठरवलं आहे की सेंट मार्टिनला दोन दिवस आधी येते. बाबांच्या शेजारी उभी राहून एक स्क्रू कातलेला बघेन, मग तुझ्या बाकाशी बसून तू जेन्शियनच्या झुडपाच्या काडीने आटे घासतेस तेही पहिल्यापासून शेवटपर्यंत बघेन. तुझी ती आरशासारखी काळी झिलई बघताना मी लहानपणी तुझ्या मांडीवर झोपून जायची. या वेळी डोळे उघडे ठेवीन.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, मोजे कमी-जास्त झाले तरी.

तुझी,
ह्युगेत

~

ला कॉम्ब, ५ नोव्हेंबर १९८१

चि. ह्युगेत हीस,
अ. आ.

तू यायच्या आधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून आजच्या आज टाकते आहे. उभ्याने वाचू नकोस.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मी दोन वर्षं झाकून ठेवली आहे. माझ्या डाव्या डोळ्यावर पडदा आला आहे. उजवाही त्याच वाटेवर आहे. घड्याळांच्या मोठ्या तबकड्या मी बोटांच्या सवयीवर काढते, पण तुझे ते स्क्रू बारीक, आणि टायटॅनियम म्हणजे हट्टी पोर, घासावं तितकं चिकटतं. सहा झाले. सातव्याला काडी घसरली आणि आट्यात ओरखडा गेला. तो काढायला गेले तर दुसरा पडला. मग तिसरा. एक्केचाळीस वर्षांत माझ्या बाकावरून एक नग परत आला नाही, ह्युगेत. ओरेलकडे जाऊन दुसरा कातून दे म्हणायचं, तर त्याने का म्हणून विचारलं असतं.

मी तो स्क्रू वाळूच्या फवाऱ्याच्या पेटीत धरला, जिथे आपण घड्याळांची झाकणं धुरकट करतो. ओरखडे गेले, पण सगळं अंग खरखरीत झालं, मांजराच्या जिभेसारखं. मग नुसत्या डोक्याला काळी झिलई दिली, कारण डबीत डोकीच तेवढी वर दिसतात, आणि तो सहाव्या-आठव्याच्या मधे ठेवून दिला. मेंढीच तर आहे, असं मनाला सांगितलं.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगू? कळलं होतं. तांबड्या घोडीची गोष्ट मी घाबरून लिहिली. तुझी आई त्या प्लास्टरमध्ये निजली होती तेव्हा तिचे केस मी विंचरत होते, आणि तरी मला माझ्या बाकाची अब्रू मोठी वाटली. याची लाज मला डोळे जाण्यापेक्षा जास्त आहे.

आता तू ये आणि हवं ते बघ. ओरेलला मी स्वतः सांगणार आहे. तू मधे पडू नकोस.

पोरी, रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझी,
आत्या

~

बर्न, ७ नोव्हेंबर १९८१

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी उठले ती थेट प्रयोगशाळेत गेले. सातव्या स्क्रूवरचं हाड आम्ही ठेवा म्हणून जपलं होतं, ते विरघळवून काढलं. खाली तुझ्या वाळूने पाडलेले खळगे होते. प्रत्येक खळग्यात हाड शिरून बसलं होतं. चकचकीत अकरांना धरायला जागाच नव्हती, हाडाने तरी काय धरावं?

रागावू कोणावर? आराखड्याच्या कोपऱ्यात 'काळी झिलई' असं मी माझ्या हाताने लिहिलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. आपल्या दरीत नग चकाकला नाही तर तो झालाच नाही, हे दुधाबरोबर पोटात गेलेलं. घड्याळात स्क्रू दिसतो म्हणून तो चकाकतो. मणक्यात तो कोण बघणार आहे, हा विचार इतक्या वर्षांच्या शिक्षणात मला एकदाही शिवला नाही. चूक माझी, आणि ती तुझ्या हाताने पकडली.

आता अडचण ऐक. समितीला मला सांगावं लागेल की सातवा वेगळा कसा झाला. 'कारखान्यातील चुकीमुळे' एवढं लिहून भागेल. तुझं नाव घालायची गरज नाही. तू म्हणशील तसं लिहीन.

आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी तुला घेऊन जाणार आहे. याला तू काही म्हणायचं नाहीस.

गुरुवारी येते. केकचा मोठा तुकडा ठेव.

तुझी,
ह्युगेत

~

ला कॉम्ब, २४ नोव्हेंबर १९८१

चि. ह्युगेत हीस,
अ. आ.

तू गेल्यावर घर रिकामं वाटतं. ओरेल अजून माझ्याशी जपून बोलतो, मी काचेची झाल्यासारखा. जेवणाच्या टेबलावर मी त्याला सांगितलं तेव्हा तो ताटाकडे बघत राहिला आणि मग सॉसेज छान झालं आहे म्हणाला, ते तू ऐकलंसच. एवढ्यावर सुटेन असं मला वाटलं नव्हतं.

नावाचं विचारलंस. नाव घाल. 'कारखान्यातील चूक' लिहिलंस तर लोक ती ओरेलची समजतील. लेओनी फ्रुआदव्हो, झिलईकाम, ला कॉम्ब, असं पुरं लिही. एक्केचाळीस वर्षं माझं काम लोकांच्या मनगटावर फिरलं आणि माझं नाव कुठेही नव्हतं. पहिल्यांदा छापून येतं आहे ते चुकीसाठी. येऊ दे.

नवे चोवीस स्क्रू ओरेलने कातले. मी रोज आठ फवारते. वाळू तीन जातींची घेऊन बघितली, मधली बरी. याला डोळे लागत नाहीत, अंगठा फिरवला की कळतं. त्रास एकच, काम झालं की हात आपोआप काडीकडे जातो. शेवटी काड्या ओरेलच्या कपाटात कुलपात ठेवल्या आणि किल्ली त्याला दिली.

समितीसमोर खाली बघून बोलू नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
आत्या

~

बर्न, २ एप्रिल १९८२

ती. आत्या आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

डिसेंबरात समितीने आणखी एक संधी दिली. जानेवारीच्या सुरुवातीला नव्या मेंढ्यांत स्क्रू बसवले, त्यांचे बारा आठवडे काल संपले. चोवीस स्क्रू ओढले. चोवीसही वेळा हाड तुटलं, स्क्रू जागचा हलला नाही. खातेप्रमुखांनी तीन वेळा आकडे तपासले आणि मग मला पुन्हा कॉफी पाजली.

काम पुढे चालणार. शरद ऋतूत पहिल्या माणसाच्या पाठीत आपले स्क्रू बसतील. आराखड्यातलं 'काळी झिलई' मी खोडलं आहे. तिथे काय लिहायचं यावर इथे बराच खल झाला, पण पोरं त्या पृष्ठभागाला आताच 'लेओनी' म्हणायला लागली आहेत. आत्या, ऑपरेशन झालेल्या तुझ्या डोळ्याची पट्टी सुटली की हे पत्र तूच वाच.

दोघांचा लोभ हवा, सारखा वाटून.

तुमची,
ह्युगेत

~

ला कॉम्ब, ८ एप्रिल १९८२

चि. ह्युगेतला,
बाबांचे आ.

मला पत्र लिहिता येत नाही, चुका सोडून दे. लेओनीने तुझं पत्र चार वेळा वाचलं. डोळा चांगला झाला आहे. आता ती बाहेर कोंबड्यांत आहे म्हणून लिहितो.

डबी बंद करण्याआधी प्रत्येक नग भिंगाखाली मी बघतो, हे तुला माहीत आहे. ते बाराही बघितले होते. सातवा उचलला तेव्हाच कळलं. तिला दिसत नाही हेही कळलं. परत नेऊन तिच्या बाकावर ठेवायला उठलो होतो. ती खिडकीशी घड्याळाचा एक स्क्रू डोळ्याला लावून बसली होती, अगदी पापणीला टेकवून. मी परत फिरलो आणि डबी बंद केली.

तू विचारलंस तेव्हा बारा जुळे भाऊ म्हणून सांगितलं. तुझं काम बुडायला आलं होतं, तुझ्या आईसाठीचं काम, तरी बोललो नाही. ती स्वतः बोलली नसती तर मी बोललो असतो का, ते मला आजही सांगता येत नाही.

तुझ्या अहवालात चूक एकटीच्या नावावर आहे. पुढच्या वेळी छापशील तेव्हा माझंही नाव घाल, तपासनीस म्हणून. तिला का ते सांगू नकोस.

बाबा